लांजेवारांची वायर

मनोहर लांजेवार कोणत्याही टीव्हीला आधी तळहात लावायचे नाहीत, हाताची पाठ लावायचे. भंडाऱ्याच्या आमच्या शोरूममध्ये भिंतभर टीव्ही चालू असायचे आणि हा माणूस सकाळी आल्याबरोबर एकेकाला हाताची पाठ टेकवत पुढे सरकायचा, लेकराला ताप आहे का बघतात तसं. पहिल्या दिवशी मी विचारलं, भाऊ, हे काय चाललंय? तर म्हणाले, तळहातानं धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. पाठ लागली तर हात आपोआप मागे येतो. तीस वर्षं दिघोरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त केलेला माणूस तो. डब्यातून नुकत्याच काढलेल्या टीव्हीवरही त्याचा लगेच भरवसा बसायचा नाही.

मी तिथं तक्रारीच्या काउंटरवर बसायचे. हसत येणारी गिऱ्हाइकं बाकीच्यांची आणि चिडून येणारी माझी, अशी वाटणी होती. त्यानं मी फटकळ झाले की मुळातच होते, हे माझी सासू जास्त चांगलं सांगेल. पण लांजेवारांवर मला कधी तोंड टाकावं लागलं नाही. त्यांनी विकलेली वस्तू माझ्याकडे परत यायचीच नाही, कारण ते विकतानाच तिचे सगळे दोष सांगून मोकळे व्हायचे. असला सेल्समन कुठे असतो का? नसतोच. आमच्याकडे चुकून आला होता.

जुने डबा-टीव्ही गेले आणि त्यांचं दुकान बसलं. पातळ टीव्ही बिघडला की लोक तो दुरुस्त करत नाहीत, बाहेर ठेवतात आणि नवा आणतात. तेवढ्यानं ते आमच्याकडे आले नसते, घरी पाच-सहा बांधी, म्हणजे खाचरं, धान होता. आले ते निर्मलाताईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा नागपूरला नेऊन रक्त धुवून आणावं लागायचं. आमच्या नोकरीसोबत विम्याचं कार्ड मिळायचं आणि त्या कार्डावर हे सगळं व्हायचं. लांजेवार लपवाछपवी करणारे नव्हतेच. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगायचे, "ताई, मी पगारासाठी नाई, त्या कार्डासाठी येऊन राहिलो इथं."

गणवेशाच्या टी-शर्टला खिसा नव्हता, म्हणून निर्मलाताईंनी आतल्या बाजूनं एक खिसा शिवून दिला होता. त्यात त्यांचा टेस्टर असायचा, पिवळ्या मुठीचा. टेस्टर नसला तर अंगावर कापड नसल्यासारखं वाटते, असं म्हणायचे.

आता दिघोरीतल्या त्यांच्या वजनाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भागात वीज पडते. दरवर्षी कुणाच्या तरी बांधीत, कुणाच्या तरी झाडावर, कधी माणसावर. तर लांजेवार दुरुस्त केलेल्या प्रत्येक टीव्हीच्या मागच्या झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहून द्यायचे, 'गरजलं का वायर काढा'. तीस वर्षं लिहीत राहिले. त्या गावात आभाळात जरा गुरगुरलं की हातातलं काम टाकून माणसं उठायची आणि भिंतीतली पिन आणि छत्रीची, म्हणजे डिशची, वायर दोन्ही काढून ठेवायची. मॅचची शेवटची ओव्हर असली तरी. नव्या सुनेला चूल दाखवायच्या आधी टीव्हीची पिन दाखवतात, अशी त्या गावची थट्टा आजूबाजूची गावं करायची. पण मनोहरनं सांगितलं ना, मग झालं. त्यावर पंचायत नव्हती.

आणि अशा माणसाला आमच्या शोरूमनं वायर विकायला उभं केलं.

टीव्ही आणि त्याच्याखालचा सेट-टॉप बॉक्स जोडणारी ही वायर, हातभर लांब. बाजारात दीडशेला मिळते. आमच्याकडे ती काळ्या गुळगुळीत खोक्यात, आत मखमल, किंमत अठराशे. प्रत्येक टीव्हीसोबत एक गेलीच पाहिजे, याला आमच्याकडे अटॅचमेंट म्हणायचे. ज्याची अटॅचमेंट नाही त्याच्या नावापुढे मागच्या खोलीतल्या फळ्यावर लाल गोळा.

वायर कशी विकायची हे शिकवायला नागपूरहून एकजण आला. टाय लावलेला, केसांना काहीतरी चोपडलेलं. म्हणाला, हिच्या टोकाला सोन्याचा मुलामा आहे, त्यानं रंग खुलतात. तांब्यातून ऑक्सिजन काढून टाकलाय, त्यानं आवाज स्वच्छ होतो. आम्ही शाळेतल्यासारखं लिहून घेत होतो. लांजेवारांनी हात वर केला. म्हणाले, साहेब, दोन टीव्ही शेजारी लावतो, एकाला ही आणि एकाला साधी, तुम्ही फक्त ओळखून दाखवा. आणि खरंच लावले की! तो टायवाला डावीकडच्या टीव्हीसमोर उभा राहून पाच मिनिटं हिरवा रंग कसा जिवंत दिसतोय ते समजावत होता. डावीकडे दीडशेची होती.

आम्ही पोट धरून हसलो. लांजेवार हसले नाहीत, त्यांना वाटलं आपण त्या माणसाची मदत केली. त्याला समजावून सांगायला लागले, "साहेब, ही वायर म्हणजे पाईप. पानी जाते का नाई, एवढंच पाहाचं. पाईप सोन्याचा केल्यानं पानी गोड होत नाई." आमचा मॅनेजर, तिशीतला मुलगा, मागे उभा होता. तोही हसला नाही.

त्यानंतर लांजेवारांच्या नावापुढे लाल गोळ्यांची रांग लागली. ते गिऱ्हाइकाला साधी वायर दाखवायचे, हीच घ्या, हिनं सगळं होते. आणि लोकांची तरी गंमत पाहा. जवाहरनगरच्या फॅक्टरीतला एक साहेब बायकोला घेऊन आला, चांगला शिकला-सवरलेला. लांजेवारांनी त्याला अर्धा तास समजावलं, साडेसोळाशे वाचवून दिले. तो मान डोलावत राहिला आणि शेवटी पलीकडच्या काउंटरवर जाऊन काळं खोकं घेऊन आला. जाताना माझ्याकडे वाकून म्हणतो, मॅडम, त्या बाबाला नव्या गोष्टींची माहिती दिसत नाही. मी म्हटलं, हो, खरं बोलायची फार जुनी सवय आहे त्याला. त्याला टोमणा कळला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला मॅनेजरनं लांजेवारांना आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा पाणी प्यायला गेले आणि पाणी न पिताच परत आले. या महिन्यात अटॅचमेंट झाली नाही तर पुढच्या महिन्यात येऊ नका, असं सांगितलं होतं. मी म्हटलं, भाऊ, एवढं काय, सगळेच फेकतात, तुम्हीही दोन-चार थापा मारा. हे मीच म्हटलं होतं. ते एवढंच बोलले की निर्मलाची पुढची तारीख गुरुवारची आहे.

त्याच आठवड्यात वायरीचं नवं खोकं आलं. आतली वायर तीच, नुसत्या खोक्यावर आता विजेचा लोळ छापलेला. टायवाल्यानं फोनवर सगळ्यांना सांगितलं की हिच्यात विजेपासून संरक्षण आहे, गावातल्या गिऱ्हाइकांना हे आधी सांगा. लांजेवारांनी खोकं उघडलं, वायर हातावर तोलली, टोक नखानं खरवडलं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची मोठमाय आली, म्हणजे थोरली चुलती. सुभद्राबाई, सत्तरीच्या, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लांजेवारांना पाच वर्षांचं सोडून आई गेली तेव्हा त्यांनीच वाढवलं होतं. धान विकून टीव्ही घ्यायला आल्या होत्या आणि मनोहरशिवाय कुणाशी बोलायलाच तयार नव्हत्या. टीव्ही ठरला. मॅनेजर चार पावलांवर येऊन उभा राहिला. लांजेवारांनी काळं खोकं पुढे सरकवलं. माझं काउंटर शेजारीच, मला सगळं ऐकू येत होतं. सुभद्राबाईंनी खोक्यावरच्या विजेच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हे काय हाये रे मनोहर?"

"ही वायर लावली तर विजेनं काई होत नाई, मोठमाय."

"मंग गरजलं का आता उठा लागनार नाई? माह्ये टोंगरे लय दुखतेत रे बापू, खुर्चीतून उठेपर्यंत जीव जाते."

लांजेवारांनी मॅनेजरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. खोक्यावर हात ठेवला होता, हाताची पाठ.

"नाई मोठमाय," म्हणाले, "आता उठाची गरज नाई."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एरवी माझी जीभ पायात खडा टोचला तरी चालते. त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले.

पुढचं काय सांगू? लांजेवार विकतात त्या वायरीनं वीज अडते हे दिघोरीत चार दिवसांत घराघरात गेलं. ज्यांना टीव्ही घ्यायचा नव्हता तेही नुसती वायर घ्यायला भंडाऱ्याला यायला लागले. 'लांजेवारची वायर द्या' म्हणायचे. फळ्यावरचे लाल गोळे पुसले गेले, भिंतीवर त्यांचा फोटो लागला, टायवाल्यानं नागपूरहून अभिनंदनाचा फोन केला. कार्ड चालू राहिलं. निर्मलाताईंच्या गुरुवारच्या आणि सोमवारच्या फेऱ्या चालू राहिल्या. लांजेवार मात्र सकाळी टीव्हींना हात लावायचे थांबले. माझ्यासोबत डबाही खाईनात. आभाळ भरून आलं की दारात जाऊन उभे राहायचे आणि दिघोरीच्या दिशेला बघायचे, जसं काही इथून दिसणार होतं.

परतीच्या पावसात, धान लोंबीला आलेला असताना, दुपारच्या वेळी दिघोरीत वीज पडली. सुभद्राबाईंच्या घरामागच्या बाभळीवर पडली आणि छत्रीच्या वायरीतून आत गेली. त्या खुर्चीतच बसलेल्या होत्या, उठल्या नव्हत्या. टीव्ही फुटला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, उजव्या कानानं ऐकू येणं बंद झालं. गल्लीतले आणखी तीन टीव्ही गेले.

आठ दिवसांनी त्या माझ्या काउंटरवर आल्या. हाताला पट्टी, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेली वायर. मी उठूनच उभी राहिले. म्हटलं, आता ही बाई शिव्या देणार, द्यायलाच पाहिजेत. त्यांनी वायर माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, हा नग खराब निघाला, बदलून द्या. आणि मनोहरला रागावू नका, त्याची जबान खराब नाही. आमची गल्ली सोडली तर गावातल्या बाकीच्यांच्या चांगल्या निघाल्या आहेत.

लांजेवार माझ्या मागेच येऊन उभे होते. त्यांनी म्हातारीचा बरा हात धरला, आणि चांगल्या कानाजवळ वाकून मोठ्यानं बोलले, सगळ्या शोरूमला ऐकू जाईल असं. "मोठमाय, मी खोटं बोल्लो. ही वायर वीज अडवत नाई. कोनतीच अडवत नाई. गरजलं का उठत जाय."

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या केबिनकडे, मग माझ्याकडे. मला हळूच विचारलं, "कंपनीनं शिकवलं का वं त्याले असं बोलाले? बदलून द्या लागू नये म्हून?"

तिथून त्या माणसाचे खरे हाल सुरू झाले. रविवारी ते दिघोरीला गेले आणि दार दार फिरले. ही वायर काही कामाची नाही, पहिल्यासारखी पिन काढत जा. प्रत्येक घरी चहा मिळाला. प्रत्येक घरी लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, समजलं भाऊ, तुमची नोकरी हाये, तुम्हाले बोलाच लागते. गावानं मनाशी ठरवून टाकलं की चांगला माल चुकून स्वस्तात गेला, म्हणून शोरूमला आता वायरी परत हव्यात आणि बिचाऱ्या मनोहरला पुढे केलंय. एकानं तर वायर कोठीत लपवून ठेवली. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर गाव उठत होतं, त्याच शब्दावर ते आता बसून राहिलं होतं आणि त्याला ते उठवता येईना.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते माझ्याकडे आले. हातात कागद होता, सुंदर अक्षरात लिहिलेला. या वायरीनं विजेपासून संरक्षण होत नाही, गरजलं की पिन आणि छत्रीची वायर काढावी. खाली त्यांची सही. सहीशेजारी जागा मोकळी सोडली होती.

"ताई, शिक्का मारून द्या. माह्यावर नाई, पन शिक्क्यावर इस्वास ठेवतीन ते."

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मारायला एक क्षण लागला असता. मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगते. विचारायचं काही नव्हतं, काय उत्तर येईल ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला माझी नोकरी हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. लांजेवारांनी कागदाची घडी केली, आतल्या खिशात टेस्टरशेजारी ठेवली आणि बरं म्हणाले. उलट मलाच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका.

दुपारी वायरींच्या मांडणीवर एक पुठ्ठा लटकत होता. पांढऱ्या रंगानं, त्यांच्या त्या जुन्या वळणात लिहिलेलं, 'या वायरीनं वीज अडत नाही. गरजलं का वायर काढा. मनोहर लांजेवार.' मॅनेजरनं काढायला सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही काढा, मी लावलाय, मी काढणार नाही. मग जे व्हायचं ते झालं. गणवेश माझ्याच काउंटरवर जमा करायचा होता. दुसऱ्या दिवशी धुवून, घडी करून आणून दिला. आतला खिसा उसवलेला नव्हता. टी-शर्टासोबत कार्डही ठेवलं.

यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मे महिन्यात मी एसटीनं लाखांदूरला नणंदेकडे निघाले होते. शेजारच्या सीटवर दिघोरीची बाई होती, तिच्याकडून सगळं कळलं. निर्मलाताई होळीच्या आधीच गेल्या. नागपूरच्या फेऱ्या आधी दोनाच्या एक झाल्या, मग बंद. शेवटी त्यांनीच नको म्हटलं, म्हणे. आणि मनोहरच्या डोक्यावर त्याचा परिणाम झाला, ती बाई सांगत होती, पण कुणाला त्रास नाही हो त्याचा. गरजलं की घराघरात शिरतो, कुणाशी बोलत नाही, पिन काढतो आणि पुढच्या घरी जातो.

मी विचारलं, मग?

"मंग काय, चांगला मानूस हाये, कोनी टोकत नाई. तो गेला का आमी पुन्हा लावतो."

दिघोरीला एसटी थांबली तेव्हा तळ्याच्या पाळीवर आभाळ काळं झालं होतं. अवकाळीचं. वारा सुटला होता, लाइट अजून गेलेली नव्हती. रस्त्याकडेच्या घरांतून टीव्हीचे आवाज येत होते, सगळीकडे एकच मालिका. पहिला गडगडाट झाला आणि मला ते दिसले. पायात चप्पल नाही, टेस्टर शर्टाच्या वरच्या खिशात. एका घरात शिरले, आतला आवाज बंद झाला, बाहेर आले. दुसऱ्या घरात शिरले. त्या घराच्या ओसरीवर सुभद्राबाई खुर्चीत बसल्या होत्या, भाजलेला हात मांडीवर घेऊन. त्यांनी पुतण्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला जाऊ दिलं.

बाहेर येताना त्यांनी मला खिडकीत पाहिलं. ओळखलं लगेच. धावत बसजवळ आले, खिडकीच्या गजाला आधी हाताची पाठ लावली आणि मग गज धरला. धाप लागली होती. खिशातून तोच कागद काढला, घड्यांवर फाटत आलेला.

"ताई, शिक्का आनला का?"

मी नाही म्हटलं. ते बरं म्हणाले, कागद नीट घडी करून ठेवला आणि वर पाहिलं, कारण पुन्हा गरजलं होतं. मग वळून तिसऱ्या घराकडे पळाले. कंडक्टरनं घंटी दिली. बस हलली, तेव्हा सुभद्राबाईंच्या घरातला नवा टीव्ही पुन्हा सुरू झालेला मी ऐकला.